वाळवी इतकी सरळ कापत नाही

शहरातलं नवं म्युझियम शनिवारी संध्याकाळी फुकट असतं, म्हणून आम्ही किलिफीहून भाड्याच्या मटाटू गाडीत कोंबून गेलो. माझा नवरा थोया येतच नव्हता. "लाकडं बघायला एवढ्या लांब? घरी कमी आहेत का?"

"चल मुकाट्यानं," सासूबाई म्हणाल्या. "तुझी लेक हट्टाला पेटलीय."

मला आठवा महिना. आधीचे दोन मुलगे जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेले. दोघांचंही नाव काहिंदी, सासऱ्यांचं. आम्हा गिरियामांत नातू आजोबाचं नाव उचलतो.

सासरे गेले तेव्हा त्यांचा किगांगो, माणसाएवढा कोरीव खांब, अंगणात रोवला होता. त्यात त्यांचा जीव राहतो. तो कुजला तरी हलवायचा नाही. चार वर्षांपूर्वी तो खांब नाहीसा झाला. वाळवीनं खाल्ला, असं थोयानं सांगितलं आणि उरलेला खुंट स्वतःच मातीनं झाकला.

"आजी, ह्याला पायच नाहीत!" आमची सिदी काचेला नाक लावून ओरडली.

सासूबाई जवळ गेल्या आणि खिळल्या. गोल डोकं, छातीवर त्रिकोण, खांद्याला चिंधी. ती चिंधी त्यांच्याच लेशाची, कमरेला गुंडाळायच्या कापडाची होती. खाली पाटी: 'एका संग्राहकाची भेट. व्यक्ती अज्ञात.' अज्ञात म्हणे! चार गावं ज्याच्या शब्दावर उठायची, त्याला ह्या कोटवाल्यांनी बेवारस ठरवलं.

सासूबाईंनी वाकून खालची बाजू पाहिली.

"थोया, वाळवी इतकी सरळ कापते?"

"आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. घरावर नवे पत्रे तेव्हाच आले ना रे?"

त्यानं बुटांकडे पाहिलं. त्याच पत्र्यांखाली माझे दोन्ही काहिंदी गेले होते. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच त्याचा गळा धरला असता.

सासूबाईंनी सिदीच्या हातातली सरबताची बाटली घेतली आणि काचेसमोर ओतली. "ताडी नाही मालक, आज हेच घ्या. आणि हिच्या पोटातलं राहू द्या."

"ओ मावशी, सांडू नका!" पहारेकरी धावला.

"सांडत नाही रे. पाजतेय. चार वर्षं तहानलेत."

फरशीनं थेंबही घेतला नाही. ओघळ वळून माझ्या पायाशी आला.

बंद व्हायची वेळ झाली होती. पहिला दिवा सासऱ्यांवरचाच गेला.

सकाळपासून पोटात लाथा चालल्या होत्या. त्या थांबल्या. सासूबाईंनी पुढच्या लाथेसाठी माझ्या पोटावर हात ठेवला, आणि तो काढेचनात.