पहिल्या पाण्याची बांधी

तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी सोडायचं आणि कोणाच्या नंतर, हे ठरवायचं काम ताराचंदच्या घरात तीन पिढ्यांचं. आजा मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, पाणकर, बाप सरकारी जमान्यातला बिनपगारी पाणकर, आणि हा स्वतः पाणी वापर संस्थेचा. मालगुजारी बुडाली, तलाव सरकारचा झाला, मग जिल्हा परिषदेचा, आता गावच्याच संस्थेचा. मालक चार झाले, पण पाण्याची पाळी जशीच्या तशी. पहिलं पाणी तलावाच्या पारीखालच्या, म्हणजे मातीच्या बांधाखालच्या, मालगुजाराच्या बांधीत, दुसरं पाणकराच्या, मग उतरत उतरत टोकाला. टोकाच्या धानाला बऱ्या साली पाऊसच पुरे, आणि वाईट साली पाटातून तिथं पोचायचा तो फक्त वारा.

मालगुजाराचे नातू कधीच नागपूरला गेले. ती बांधी केवळराम गुरुजींनी घेतली, आणि पहिल्या पाण्याची म्हणून शेजारच्या शेतापेक्षा चढा भाव देऊन घेतली. गुरुजी वाईट माणूस नव्हे. पण गाठीचा पैसा घालून घेतलेली गोष्ट कोण सोडतो?

यंदा सप्टेंबर कोरडा गेला. तलाव अर्धाच, आणि उशिरा पिकणारा भारी धान नेमका गर्भात, म्हणजे लोंबी धरायच्या बेतात आलेला. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंब्यांत फक्त भूस. पारीवर सभा भरली, तेव्हा टोकाची रुखमा उभी राहिली.

"या सालाले आमच्याकडून सुरू करा जी," ती म्हणाली. "नाही तर आमचा धान गेलाच समजा."

ताराचंदला हसूच आलं. "असं कसं होईन, वहिनी? पाळी कागदात लिहून आहे. वाजिब-उल-अर्जात."

वाजिब-उल-अर्ज म्हणजे इंग्रजांच्या बंदोबस्तात गावोगावचे रिवाज लिहून ठेवलेला दस्तऐवज. ताराचंदनं तो कधी पाहिला नव्हता. पण देव तरी कोणी पाहिलाय?

संस्थेची सचिव खुशबू, वय सव्वीस, बोलण्यात कमी आणि कामात पक्की. ती दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याला गेली, कचेरीत दोन खेटे घातले आणि नक्कल घेऊन आली. सभा पुन्हा बसली. खुशबू वाचू लागली. शिंगाडा कोणी लावावा, मासे कोणी धरावे, कुंभारानं माती कुठून न्यावी, पार फुटली तर घरटी एक माणूस मातीला यावा. तलावाखालच्या सगळ्या शेतांना पाण्याचा हक्क. पान संपलं.

"अन् पाळीचं?" ताराचंदनं विचारलं.

"पाळीचं काहीच नाही, आबाजी."

"परत वाच."

तिनं परत वाचलं. मग तिसऱ्यांदा, एकेका शब्दावर बोट ठेवून. नव्हतंच.

ताराचंदच्या आजानं एकदा टोकाला आधी पाणी सोडायला घेतलं होतं, त्याबद्दल मालगुजारानं त्याला याच पारीवर दिवसभर उन्हात उभं केलं होतं. ही गोष्ट ऐकतच तो वाढला. मालगुजार जाऊन सत्तर वर्षं उलटली. हात धरणारा कोणी उरला नव्हता, तरी त्याच्या बापाचा हात कधी वेगळा चालला नाही, त्याचाही नाही. अख्खं गाव इतकी वर्षं एका न लिहिलेल्या ओळीपुढे मान तुकवत होतं. त्याला राग आला नाही. डोंगर म्हणून ज्याला वळसा घालत आलो तिथं नुसतं धुकं निघावं, तसा तो थक्क होऊन गेला.

गुरुजी मात्र भानावर होते. "कागदात नसेल," ते म्हणाले, "पण टोकापासून सुरू केलं तर पाणी कोरड्या पाटातच मुरून जाईल. ना त्यांना, ना आपल्याला. विचारा पाणकराला."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. हेच वाक्य बाप म्हणायचा, आणि त्यानं स्वतः किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. नुसतं 'होय' म्हणायचा अवकाश, गुरुजींची बांधी भिजली असती आणि त्याच्या स्वतःच्याही चार. बायको ललिताबाई समोरच बसली होती.

"मले मालूम नाही," ताराचंद म्हणाला.

"म्हणजे?"

"कधी सोडूनच नाही पाहिलं जी. माह्या बापानंही नाही पाहिलं. आमी नुसतं सांगून राहिलो."

टोकापासून सुरू करायचं ज्यांना मान्य, त्यांना खुशबूनं हात वर करायला सांगितले. बायांचे आधी वर गेले, मग बाप्यांचे. गुरुजींचा हात मांडीवरच राहिला, पण ते उठून गेले नाहीत. मोजणी अर्ध्यावर आली तेव्हा ताराचंदला आपलाच हात वर दिसला.

सकाळी त्यानं तुडूम, म्हणजे तलावाचं दार, उघडलं. गुरुजींच्या बांधीचं तोंड चिखलानं लिंपलं, मग स्वतःच्या बांधीचंही. ललिताबाई बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून बघत होती. मग चिखलाचं एक घमेलं तिनं स्वतः आणून ओतलं.

मग तो पाण्याबरोबर चालू लागला. पाणी काडीकचरा ढकलत निघालं. भेगाळलेल्या जागी ते मुरायचं, थांबायचं, आणि प्रत्येक वेळी ताराचंदचा जीव टांगणीला लागायचा. मग मागचं पाणी येऊन मिळायचं आणि ते पुढं सरकायचं. दुपार कलताना ते टोकाला पोचलं.

रुखमा तिथं उभीच होती. तिच्या बांधीला तोंडच नव्हतं. धुरा सलग, वर गवत माजलेलं. पाणी येणारच नाही तिथं तोंड कोण पाडतो? ताराचंदनं फावडं घेतलं आणि धुरा फोडला. पाणी आत शिरलं, भेगांतून बुडबुडे येऊ लागले, धानाच्या बुडाशी माती काळी पडत गेली. जन्मभर पाणी वाटलेला माणूस, पण पाणी पहिल्यांदाच पाहिल्यासारखा बघत राहिला.

रुखमा पदर खोचून पाण्यात उतरली. "माही सासू म्हणे, आपली जागाच तशी, पाणी इकडं चढत नाही. मीनंही सुनेले तेच सांगतलं," ती म्हणाली. मग तिनं दूरच्या पारीकडे पाहिलं. "कितीचा रस्ता होता जी, ताराचंदभाऊ?"

ताराचंदनं कलत्या उन्हाकडे पाहिलं.

"अर्ध्या दिवसाचा, वहिनी," तो म्हणाला, आणि त्याला तिच्याकडे बघवेना.