बगळ्याच्या गालावरची तीट

गौरम्माच्या घरात मिरवावं असं फारसं काही नव्हतं, पण एक कपाट असं होतं की किल्लारीत आलेला पाहुणा चहा निवेपर्यंत त्याच्याकडंच बघत बसायचा. काळंभोर, तुळतुळीत. चारही पाय बांबूच्या पेरांसारखे कातलेले आणि दारांवर सोनेरी लव्हाळ्यात उभे दोन पांढरे बगळे. निजामाच्या राज्यात तिचे आजोबा एका गोऱ्या इंजिनिअरकडे कारकून होते. साहेब विलायतेला परतताना कपाट त्यांना देऊन गेला.

विलायतेच्या जुन्या राणीच्या काळात म्हणे तिथल्या लोकांना जपानी नक्षीचं खूळ लागलं होतं. जपान नकाशावरसुद्धा धड न पाहिलेल्या कारागिरांनी तिथं घरबसल्या हे बगळे रंगवले. ही सगळी माहिती गौरम्माला धाकट्या भावानं, मल्लिनाथनं पुरवली होती. त्याचं लातूरला फर्निचरचं दुकान होतं आणि त्याला असल्या गोष्टी ठाऊक असायच्या. गौरम्माला त्या राणीशी काही देणंघेणं नव्हतं.

तिच्या लेखी ते आईचं कपाट होतं. आई, शिवम्मा, तान्ह्या मल्लिनाथला न्हाऊमाखू घालून काजळाची तीट लावायची आणि बोटाला उरलेलं काजळ डाव्या बगळ्याच्या गालावर टेकवायची. "त्यालाबी नजर लागती," म्हणायची. त्र्याण्णवच्या भूकंपात घर बसलं, आई-बाप दगडांखाली गेले. कपाट मात्र भिंतीला तिरपं टेकून राहिलं आणि त्याच्याखालच्या पोकळीत रडत असलेला मल्लिनाथ जिवंत सापडला. गौरम्मा तेव्हा परकरी पोर होती. त्या दिवसापासून तीच त्याची आई झाली. लग्नसुद्धा तिनं गावातलंच पत्करलं, पोरगं नजरेआड नको म्हणून.

दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची, मग कानामागं तीट लावायची. तेलाच्या बोटानं बगळ्याची जुनी तीट पुसायची आणि उरलेल्या काजळाची नवी लावायची. मल्लिनाथचं पोट सुटलं, केस विरळ झाले, तरी भाऊबीजेला मुकाट्यानं कान पुढं करायचा.

यंदा गणपतीच्या आधी तो टेम्पो घेऊनच आला. "अक्का, रंग उडाय लागलाय कपाटाचा. पॉलिश करून आणतो."

"लई दिवस ठिवू नको."

"माझा जीव वाचवलेलं कपाट हाय अक्का ते. तुझ्यापेक्षा मला जास्त काळजी."

दिवाळीच्या तोंडावर कपाट परत आलं तेव्हा गौरम्माचे डोळेच दिपले. भूकंपात चेपलेला मागचा कोपरासुद्धा सरळ झाला होता. त्याचं तिला जरा वाईट वाटलं, पण तेवढ्यात बगळ्याच्या गालावरची तीट दिसली, जशीच्या तशी. "कारागिराला बजावलं व्हतं," मल्लिनाथ म्हणाला, "सगळं घास, तीट तेवढी राहू दे." गौरम्माला भरून आलं. शेजारच्या भामाबाईला तिनं हाताला धरून आणलं आणि भावाचं तोंड भरून कौतुक केलं.

भाऊबीजेला मल्लिनाथ पाटावर बसला. तिनं त्याला विभूती लावली, ओवाळलं. काजळाच्या डबीत एक बोट घातलं, दुसऱ्या हाताचा तेलाचा अंगठा बगळ्याच्या गालावर फिरवला.

तीट पुसेना. वरून पॉलिश बसलं असेल, असं म्हणून तिनं नखानं हळूच खरवडलं. तीट निघाली, तिच्याबरोबर बगळ्याचा गालही निघाला, आणि खाली कोरं करकरीत प्लायवूड दिसलं.

गौरम्मानं त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. मग वळली. मल्लिनाथची मान खाली गेली होती.

"आपलं कपाट कुठं हाय?"

"हैदराबादच्या एका माणसानं दुकानात फोटो बघितला, अक्का. पिच्छाच सोडंना. मलाबी गोदाम घ्यायचं व्हतं." तो चाचरला. "हे बी तसंच केलंय की. तसूभर फरक न्हाई."

"माझ्याकडं का मागितलं न्हाई?"

"तू दिलं नसतंस."

"तुला दिलं असतं, मल्लू," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला न्हाई. तुला दिलं असतं."

हे अगदी खरं होतं आणि त्यालाही ते कळलं. तिनं त्याला कधी कशाला नाही म्हटलं होतं? कपाट गेल्याचं दुःख मोठं होतं, पण ते तिनं गिळलं असतं. याआधी तिनं त्याहून मोठं गिळलं होतं. तिच्या काळजाला वेगळंच काहीतरी कुरतडत होतं.

"आन ही तीट? कारागिराला काय ठाऊक तिचं?"

मल्लिनाथ ताटातल्या निरांजनाची वात पुढं सारू लागला.

"बोल की."

"मीच सांगितली लावायला," तो पुटपुटला. "ती नसती तर तू लगेच ओळखलं असतंस."

आईपासून चालत आलेली खूण त्यानं एका परक्या माणसाला नेमकी जागा दाखवून रंगवायला लावली होती, बहिणीला फसवता यावं म्हणून. आणि ती खूण बघून ती मूर्खासारखी रडली होती, शेजारणीला आणून त्याचं कौतुक सांगत बसली होती. गौरम्माला त्याची चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

ताटातलं निरांजन अजून जळत होतं. तिच्या बोटावर काजळ तसंच होतं. मल्लिनाथनं सवयीनं मान वाकवली आणि कान पुढं केला.

गौरम्मानं काजळाचं बोट पदराला पुसलं आणि ताट उचलून आत गेली.