नळीत न मावलेले दाणे

"सिस्टरबाई, झाकणच लागत नाहीये."

भिंगरी काचेची नळी दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभी होती. नळी काठोकाठ भरलेली. उरलेले आठ मक्याचे दाणे फ्रॉकच्या खिशात होते, तेही तिनं काढून टेबलावर ठेवले.

"किती वेळ मोजत बसली होतीस गं? उजाडेपर्यंत?" मी हसत म्हणाले आणि पहिलीचा अख्खा वर्ग खिदळला.

"नाही. आत्या घड्याळ बघत होती. ती थांब म्हणाली, मी थांबले."

"मग मध्येच डुलकी लागली असेल."

पुन्हा खिदळणं. मी नळी घेतली, बोटानं वरचे दाणे उकरून काढले, शेजारच्या नळ्यांच्या उंचीला आणली, झाकण लावलं आणि खिडकीतल्या रांगेत उभी केली. शुक्रवारची सकाळ होती ती. रविवारी तिच्या आजीला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

झालं ते एवढंच.

नाही. एवढंच नव्हतं. पुन्हा सांगते.

मी या शाळेत तेवीस वर्षं नर्स आहे. फुटलेले गुडघे, उवा, गणिताच्या तासाला हमखास येणारी पोटदुखी. त्याआधी नऊ वर्षं इस्पितळात होते, तीही हृदयरुग्णांच्या वॉर्डात. म्हणून दोन वर्षांपूर्वी पहिलीच्या वर्गासाठी 'हृदयाचा तास' निघाला, तेव्हा तो आपसूक माझ्या गळ्यात पडला. खरं म्हणजे मी तो गळ्यात मिरवला. मूठ वळा, एवढं तुमचं हृदय. वीस उड्या मारा, आता छातीवर हात ठेवा. डब्यात काय आणलं, रात्री किती वाजता झोपलात, जेवताना वरून मीठ कोण घेतं. मुलं ऐकतात हो. एका घरी बरणीच गायब झाली. आई चार दिवस शोधत होती. शेवटी मिठाची बरणी दप्तरात सापडली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांना सांगायच्या, "आमची मुलं घरी जाऊन मोठ्यांना शिकवतात."

सहा वर्षांच्या मुलांना नाडी सापडते, पण तिच्या वेगानं आकडे म्हणता येत नाहीत. एकोणतीसनंतर गाडी अडखळते. म्हणून मी दाण्यांची युक्ती काढली. डाव्या हाताच्या बोटांनी नाडी धरायची, एक ठोका पडला की उजव्या हातानं एक दाणा वाटीत. अर्धं मिनिट. घरातल्या एका मोठ्या माणसाचे ठोके असे मोजून आणायचे आणि नळीत भरायचे. नळीत पन्नास दाणे मावतात. शांत बसलेल्या मोठ्या माणसाला तेवढे पुरतात, असा माझा हिशेब. सव्वीस नळ्या खिडकीत ओळीनं. ऊन आलं की पिवळ्या पट्ट्यांसारख्या दिसायच्या. शुक्रवारी दुपारी वरच्या कार्यालयातले पाहुणे त्या बघायला येणार होते.

भिंगरीचे दाणे अठ्ठावन्न होते. मी ठेवले छत्तीस.

आणि ती नुसती "थांबले" म्हणाली नव्हती. जागेवर जाता जाता वळून म्हणाली होती, "आजीचं हृदय लंगडी घालतं, सिस्टरबाई. दोन उड्या पटपट, मग थांबतं, मग परत पटपट. वाटीत दाणे टाकताना माझी फजिती झाली."

लंगडी. वॉर्डात नऊ वर्षं मी ही नाडी बोटांखाली धरली आहे. कुणा डॉक्टरनं इतकं नेमकं वर्णन केलेलं मला आठवत नाही. क्षणभर, अगदी क्षणभर, अंगावर काटा आला. मग मी म्हणाले, "बस जागेवर. सोमवारी नीट मोजून आण."

ही दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्टही मी इथंच थांबवली असती. झटका आल्यावर दहा दिवसांनी आलेल्या बुधवारपर्यंत थांबवलीच होती. स्वतःलाच सांगत होते की लहान मूल ते, त्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार.

बुधवारी आत्या भिंगरीला शाळेत सोडून गेली. त्या दिवशी आम्ही उड्या मारून जोडीदाराची नाडी मोजत होतो. भिंगरीनं हात पाठीमागे बांधले.

"काय गं?"

"मी नाही मोजणार."

"का?"

"मला येत नाही. मी चुकीचं मोजते." मग अगदी खालच्या आवाजात, "मी नीट मोजलं असतं तर आजी पडली नसती ना?"

जोडीदार पोरगा वाटी घेऊन तिच्याकडे बघत उभा होता. सगळा वर्ग बघत होता. मला वाटलं, हिला जवळ घ्यावं, तसं काही नसतं बाळा म्हणावं, आणि पुढच्या जोडीकडे जावं. माझे हात तेवढ्यासाठी पुढे झालेही. पण तसं केलं असतं तर ही पोर जन्मभर तेच मानून राहिली असती. मी खाली बसले. गुडघे कडाडले. कुणी हसलं नाही.

"तू बरोबर मोजलं होतंस. अठ्ठावन्नच होते. चूक माझी झाली. मी दाणे काढले."

ती विचारात पडली. "मग तुम्ही हसलात का?"

माझी नजर खिडकीतल्या नळ्यांकडे गेली.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"थोडं."

तिनं पाठीमागचे हात सोडले आणि जोडीदाराकडची वाटी घेतली. पूर्ण तासभर माझ्याकडे पाहिलं नाही. मोजलं मात्र चोख.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली, इस्पितळातून नुकत्याच घरी आणलेल्या आजीची खाट. आत्यानं मला बघितलं आणि तिचा चेहराच उजळला, तो मला सोसवेना.

"या, या सिस्टरबाई! अहो, तुमचं नाव घेतल्याशिवाय पोरीचा घास उतरत नाही. वहिनी दिवसपाळीवरून यायचीय, दादा औषधं आणायला गेलाय. बसा ना. पाणी देते."

"पाणी नको. मला काही सांगायचंय."

"डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके कधीपासून वेडेवाकडे पडत असणार. तिथंच रक्ताची गुठळी झाली न् डोक्यात गेली. आम्हाला काय कळतंय? आई स्वतः कधी बोलली नाही."

"बोलल्या होत्या," मी म्हणाले. "मला."

आणि मग ती तिसरी गोष्ट मी सांगितली. आधीच्या दोन्ही वेळा गाळलेली.

शुक्रवारी पहिलीची शाळा सुटली तेव्हा मी फाटकाशी होते. हातात पाहुण्यांसाठी आणलेली फुलदाणी. आजी रोजच्यासारखी नातीला न्यायला आलेली. मला बघून लाजल्यासारखी हसली, पदराला हात पुसले आणि मनगट पुढं केलं. "आमची पोरगी म्हणते माझं काळीज लंगडी घालतं. येड्यासारखं विचारते, पण बघता का जरा? तुम्हाला कळतं त्यातलं." दोन मिनिटांचं काम. अर्धं मिनिट नाडीला, दीड मिनिट चिठ्ठी लिहून इस्पितळात धाडायला. मी म्हणाले, "सोमवारी बघते हं आजी, आज पाहुणे आहेत." त्या म्हणाल्या, "अहो, सवडीनं बघा. घाई कसली?" आणि उलट मलाच, "तुमचा खोळंबा केला."

पाहुणे आले. खिडकीपाशी उभं राहून म्हणाले, वा, काय एकसारख्या उंचीच्या रांगा आहेत.

आत्या ऐकत होती. हातातला पेला तिनं फळीवर ठेवला, मग उचलून परत दुसरीकडे ठेवला. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "हे दादाला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून नाही निघणार."

"सांगते. येईपर्यंत थांबते."

"आणि आईला ऐकू जातंय सगळं. कळतंही. बोलता येत नाही एवढंच."

मी वळले. खाटेवर आजीचे डोळे उघडे होते. केव्हापासून कोण जाणे. माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग शोधला, सापडला असता तर मी तो घेऊन घरी गेले असते.

त्यांचा डावा हात हलला. अंथरुणाच्या कडेला चादर गोळा झाली होती. एका हातानं, हळूहळू, थांबत थांबत, त्यांनी ती सपाट केली. एका माणसाला बसता येईल एवढी जागा.

ती माझ्यासाठी होती, की त्यांना चादरीची सुरकुती खुपत होती, ते मला कळलं नाही. दादाची चप्पल दारात वाजेपर्यंत मी त्या जागेशेजारी उभीच राहिले.