पार्कातली हजेरी

कुठंही निघताना मी घरच्यांची हजेरी घेतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं घेतली, ती सवय सुटत नाही आणि घरचेही चालवून घेतात. माझा मुलगा इंद्रजित चौथीला माझ्याच वर्गात होता. आज फौजेत हवालदार आहे, तरी नाव घेतलं की ताठ होऊन ‘हजर’ म्हणतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आष्ट्याहून साताऱ्यापलीकडच्या पार्कला निघताना मात्र त्याचं नाव मला दोनदा घ्यावं लागलं. सून पूजा हसली. नऊ वर्षांची नात क्रांती हसली नाही.

तेव्हापासून माझं लक्ष इंद्रजितवरच राहिलं. रजेवर आला की गाडी तोच चालवायचा. या वेळी त्यानं भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट ठरवली होती. मागच्या सीटवर डाव्या खिडकीला चिकटून बसला. कऱ्हाडला चहाला थांबलो, तेव्हा पाठ फिरवून त्यानं कसली तरी गोळी गिळली. रजा कापली गेली असेल आणि हा लपवत असेल, असं मला वाटलं. पण रजेसाठी गोळ्या कोण घेतं?

पार्कात पाय ठेवायला जागा नव्हती. क्रांतीला एकच हवं होतं, कपबशीचा पाळणा. मोठ्या कपात बसून गरगर फिरायचं, लहान मुलाबरोबर मोठं माणूस हवं. ‘पुढच्या रजेत आपण दोघं,’ असं इंद्रजितनंच तिला वर्षापूर्वी कबूल केलं होतं. आज मात्र तो आधी रांग मोठी आहे म्हणाला, मग आधी जेवून घेऊ म्हणाला.

“कडे चढणारा माणूस कपबशीला भ्यालाय, बघा आप्पा,” पूजा म्हणाली.

तो हसला, पण जागचा हलला नाही. वर्षभर दिवस मोजलेल्या क्रांतीनंही एकदाच विचारलं आणि गप्प बसली. हट्टी पोर एवढ्यात ऐकते कशी, हेही मला खटकलं.

वर्गात ज्या मुलाला एका कानानं कमी ऐकू येतं, ते भिंतीकडची जागा धरतं आणि आपल्या ओठांकडं बघत राहतं. मला सकाळची खिडकी आठवली. पूजा आणि क्रांती पाणी भरायला गेल्यावर मी इंद्रजितच्या मागं, डाव्या खांद्याशी उभा राहिलो.

“इंद्रजित मानसिंग,” मी म्हणालो.

तो पाळण्याकडं बघत राहिला. मी उजव्या बाजूला सरकलो आणि तेवढ्याच आवाजात पुन्हा नाव घेतलं.

“हजर,” म्हणत तो वळला. माझा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं.

“कवापासनं?”

“तीन म्हैनं झालं.” गोळीबाराच्या सरावात कानाजवळ स्फोट झाला होता. गरगर फिरलं की तोल जायचा. रजा संपली की पुण्याच्या लष्करी दवाखान्यात तपासणी होती. त्याला पलटणीत ठेवायचं की घरी पाठवायचं, ते तिथं ठरणार होतं.

“पूजाला सांगू नगा, आप्पा. आन् क्रांतीला तर न्हाईच.”

क्रांती आल्यावर तिला घेऊन रांगेत लागलो. सत्तरीच्या माणसाला कपात बसलेलं पाहून लोक हसत होते. माझं डोकं भणभणत होतं. क्रांती मात्र ओरडत नव्हती. कप फिरून त्या बाजूला आला की मान वळवून ती बापाला शोधायची.

निघताना फाटकाशी मी हजेरी सुरू केली. कर्ण्यावर गाणी लागली होती. इंद्रजितची डावी बाजू माझ्याकडं होती. मी नाव घेतलं, आणि तो वळण्याआधीच त्याचा डावा हात ओढून क्रांती म्हणाली, “हजर.”

दिवसभर ती त्याच्या डाव्याच बाजूनं चालत होती, हे मला तेव्हा उमगलं.

दुसऱ्याची हजेरी कुणी दिली, तर चौतीस वर्षांत मी ती एकदाही खपवून घेतली नव्हती. पूजाकडं पाहिलं. ती वाकून चपलेचा पट्टा लावत होती.

मी पुढचं नाव घेतलं.