गाठ बघू द्या

सर्जनची एक रीत होती: काढलेली गाठ ट्रेमध्ये घेऊन बाहेर यायचं आणि नातेवाइकांना दाखवायची. आपण काय केलं ते लोकांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे, असं तो म्हणे.

थोरली बहीण ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच द्रव नायट्रोजनचा डबा घेऊन उभी होती. आरएनए वेगळा काढणं हे तिचं रोजचं काम. पेशीत जनुकाची आधी नक्कल निघते, तोच हा आरएनए. नकलेतले नको ते तुकडे कापून उरलेले जोडले जातात. धाकटीच्या गाठीत ही जोडणीच चुकत असावी, म्हणून वाढीला लगाम घालणारं प्रथिन बनत नसावं, असा संशय होता. तसं दिसलं तरच तिला नव्या औषधाच्या चाचणीत घेणार होते. त्यासाठी ताजा तुकडा लागलीच गोठवायला हवा. उशीर झाला की आरएनएचा भुगा.

"एवढीशीच?" काका ट्रेवर वाकले. "मला वाटलं नारळाएवढी असेल."

"ताई, जरा सरका ना, सावली पडतेय," धाकटीचा नवरा मोबाइल रोखून म्हणाला.

थोरली सरकली.

"डॉक्टर, माझा तुकडा..."

"देतो हो. गाठ काय पळून जातेय?"

सगळे हसले. तेवढ्यात आईने ट्रे हातात घेतला. "मेले, माझीच पोर सापडली तुला?" म्हणत ती गाठीशी बोलतच राहिली. प्रयोगशाळेत असल्या दिरंगाईवर हाताखालच्यांना फाडून खाणाऱ्या थोरलीला आईच्या हातातून ट्रे काढून घेववेना.

व्हायचा तो भुगा झालाच. बाकीची गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली होती; चाचणीला ती चालत नव्हती.

"दुसरा तुकडा घ्या की," दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या खाटेवरून धाकटी थोरलीला म्हणाली.

"आत काही उरलंच नाही. मुळासकट काढलीय."

"म्हणजे परत उगवली तरच औषध?"

"हो."

"आईला सांगितलंस?"

"कशाला उगाच तिला..."

"सांग. माझ्यासमोर सांग."

आई धुतलेला पेला पुसत आत आली. थोरलीने खाली मान घालून सगळं सांगितलं. आई पेला पुसतच राहिली.

"मी नुसती बघितली गं," ती म्हणाली.

"पोटभर बघितलीस ना?" धाकटीने विचारलं, आणि भिंतीकडे कूस वळवली.