आवाज साफ केलेली फिल्म

कल्पिताने फिल्म फोनवर केली म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी नेहमी भांडते. गोराईच्या कोळीवाड्यातल्या मुलीला मोठा कॅमेरा कोण देणार होतं? फोन होता म्हणून तर ती वडिलांच्या, हरेश्वरकाकांच्या बोटीवर चढली आणि एक छोटी फिल्म घेऊन उतरली. मी तिची मैत्रीण. बोरिवलीला माझ्या घरी ती एडिटिंग करायची, मी चहा करायचे.

अडचण एकच होती. बोटीच्या इंजिनाच्या धडधडाटात काकांचं बोलणं काही केल्या कळत नव्हतं. पूर्वी अशा आवाजापुढे भलेभले हात टेकायचे. कल्पिताने कुठलंसं नवं सॉफ्टवेअर लावलं आणि इंजिन गायब. काकांचा शब्द न् शब्द स्पष्ट. ती नाचायचीच बाकी होती.

अंधेरीच्या एका छोट्या हॉलमध्ये फिल्म दाखवायचं ठरलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, कल्पिताच्या आईला, सगुणाकाकूंना घेऊन आले. पडद्यावर शांत समुद्र, जाळं पाण्यात सुटतंय, आणि काका गळ्याच्या शिरा ताणून लेकीवर ओरडताहेत, "हात काढ! समजत नाय तुला?" सुटत्या दोरात हात अडकला तर माणूस दोरासकट पाण्यात जातो, हे अंधेरीत कोणाला ठाऊक? फिल्मभर ते असेच ओरडत होते. ऊन लागेल, सावलीत बस, हेसुद्धा ओरडूनच.

संपल्यावर एक बाई बोलायला उठल्या. अगदी मनापासून म्हणाल्या की इतक्या तापट वडिलांच्या धाकात वाढूनही तू हे केलंस, तुझं कौतुक वाटतं. टाळ्या पडल्या. त्या बाईंवर तरी कसं रागवायचं? त्यांना जे ऐकवलं, तेच त्यांनी ऐकलं. कल्पिता इंजिनाचं सांगायला गेली, पण टाळ्यांत ते कोणाला ऐकूच गेलं नाही. काका मान खाली घालून बसले होते. खाडीकाठी गोराईच्या लाँचची वाट बघताना त्यांनी तिला एवढंच विचारलं, "मी तुझ्यावर एवढा वरडतो काय गो?"

त्या दिवसापासून काका हळू बोलू लागले. जन्मभर इंजिनावर आवाज चढवून बोललेला माणूस घरात कुजबुजायला लागला. काकूंना ऐकू यायचं नाही, त्या पुन्हा विचारायच्या, मग 'काय नाय' म्हणून ते गप्प. बोटीवरसुद्धा खलाशांना हातानेच खुणा करायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेले तर 'ये' म्हणाले, ते नुसते ओठ हलले म्हणून कळलं. मला तिथेच रडू आलं.

शेवटी कल्पिताने इंजिन होतं तसं फिल्ममध्ये परत घातलं. काकांचं बोलणं त्यात बुडालं, म्हणून ते पडद्यावर खाली अक्षरांत लिहिलं. कुठल्याशा महोत्सवाला ही प्रत पाठवली, तर आवाज साफ करून पाठवा, असं उत्तर आलं. तिने काही पाठवली नाही.

मग कोळीवाड्यातच, देवळासमोर पांढरी चादर बांधून फिल्म लावली. इंजिन सुरू झालं तशा समोर बसलेल्या बायका आपोआप मोठ्याने बोलू लागल्या. पडद्यावर काका हात काढ म्हणाले, तेव्हा त्यांच्यातल्या सोनूबाईंनी शेजारी बसलेल्या नातवालाही तेच बजावलं. काका तापट आहेत असं तिथे कोणाच्या मनातही आलं नाही.

काका मात्र पडद्याकडे टक लावून बसले होते. मग शेजारी बसलेल्या कल्पिताकडे वळून काहीतरी पुटपुटले. तिला कळलं नाही. तिने कान पुढे केला. ते पुन्हा बोलले, तरी इंजिनच वरचढ. तेव्हा काकांनी छातीत श्वास भरून घेतला आणि गळ्याच्या शिरा ताणून, अख्ख्या कोळीवाड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "जेवलीस का गो?"