आकडा हलेना

"अरे, तुला कम्प्युटर बघायला बोलावलंय का मोटार हाकायला?" अल्लाबक्ष वैतागला.

सेनगावातल्या त्याच्या बॅनरच्या दुकानात मेकॅनिक रविंद्र खुशाल रेसचा गेम लावून बसला होता. पडद्यावर लाल मोटार वळणं घेत सुसाट सुटलेली.

"खेळून न्हाई राहिलो, काका. तपासून राहिलो. मशीनला गेमइतकं राबवून घेणारं दुसरं काहीच न्हाई. कोपऱ्यातला आकडा बघा, सेकंदाला किती चित्रं काढून राहिली ते कळतं. साठ म्हंजी ठणठणीत. मशीन थकली की आकडा पडतो."

अल्लाबक्ष आकड्याकडं टक लावून बसला. पड की लेका, पड! कितीतरी दिवस झाले, माऊसचा बाण त्याचं ऐकतच नव्हता. फोटोवर न्यावा तर शेजारच्या नावावर जाऊन थरथरायचा. लेक गुलनाज म्हणायची, हात डॉक्टरला दाखवा. तो म्हणायचा, हाताला काय धाड भरलीय, कम्प्युटर म्हातारा झालाय! शेवटी तिनंच रविंद्रला बोलावलं. मशीन चांगली निघाली तर मुकाट्यानं हिंगोलीच्या दवाखान्यात यायचं, असं कबूलही करून घेतलं. आता ती दारात उभी होती.

आकडा काही पडेना.

"मग माझ्याच हातात काहून अडकतंय?"

"तुमी चालवून बघा," म्हणत रविंद्रनं जागा दिली.

अल्लाबक्षनं माऊस धरला. मोटार सरळ भिंतीवर गेली. पुन्हा फिरवली, पुन्हा भिंतीवर. कोपऱ्यात साठच.

तो पार चक्रावला. मोटारीचा चेंदामेंदा आणि मशीन ठणठणीत? वायर बदलून झाली, माऊस बदलून झाला, आता बदलायचं राहिलं तरी काय? त्यानं उजव्या हाताकडं पाहिलं. ह्याच हातानं ब्रश धरून अर्ध्या तालुक्याच्या पाट्या रंगवल्या होत्या, तेही पट्टी न लावता. त्याला एकदम रडूच यायला लागलं.

तो रविंद्रच्या कानाशी वाकला. "तो आकडा कमी करता येतो का रे? थोडासाच. तिला दाखवण्यापुरता."

रविंद्र गडबडला. "येतो, काका. पण..."

"कितना आया, अब्बा?" गुलनाजनं दारातून विचारलं.



"साठ," अल्लाबक्ष म्हणाला. मग उठला आणि खुर्ची तिच्याकडं सरकवली. "ये, बस. रुख्मिणीबाईच्या नातवाच्या बारशाचं बॅनर द्यायचंय. रंग मी सांगतो, तू लाव."

उजवा हात खिशात घालून तो तिच्या मागं उभा राहिला.